उष्णतेला वाट हवी : संगणकाच्या प्रोसेसरची निगा

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बँकेच्या काउंटरपासून किराणा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत आणि विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या टेबलापासून करसल्लागाराच्या कचेरीपर्यंत तो दिवसभर राबत असतो. लॅपटॉप आणि मोबाईल फोन यांचा प्रसार कितीही झाला, तरी एका जागी बसून तासन् तास करावयाच्या कामासाठी डेस्कटॉप संगणकाचे स्थान अद्याप टिकून आहे. उन्हाळा सुरू झाला की मात्र हा कष्टाळू सेवक कुरकुरू लागतो. एरवी चटकन उघडणारी फाईल रेंगाळते, आतील पंखा घरघरू लागतो आणि एखाद्या दुपारी ऐन कामाच्या वेळी संगणक आपोआप बंद पडतो. आर्थिक वर्षाची अखेर आणि उन्हाळ्याची सुरुवात आपल्या देशात एकाच सुमारास येतात. त्यामुळे ज्या दिवसांत संगणकावर कामाचा सर्वाधिक ताण असतो, नेमक्या त्याच दिवसांत तो दगा देण्याची शक्यता वाढते.

अशा वेळी ‘आता संगणक जुना झाला’ असा निष्कर्ष काढून नवा घेण्याचा विचार सुरू होतो. वस्तुतः अनेकदा तो जुना झालेला नसतो, तापलेला असतो. हा फरक ओळखता आला तर काही शे रुपयांत आणि तासाभराच्या श्रमांत भागणाऱ्या कामासाठी हजारो रुपये खर्ची पडणार नाहीत. त्यासाठी संगणकात उष्णता निर्माण कोठे होते, ती बाहेर कशी पडते आणि तिची वाट कोठे अडते, एवढे समजून घेणे पुरेसे आहे.

सीपीयू म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे टेबलाखाली ठेवलेल्या संपूर्ण पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची प्रथा रूढ झाली आहे. प्रत्यक्षात ती पेटी म्हणजे कॅबिनेट. सीपीयू, म्हणजेच सेंट्रल प्रोसेसिंग युनिट किंवा प्रोसेसर, हा तिच्या आतील मदरबोर्डवर बसवलेला काडेपेटीहून फारसा मोठा नसलेला चौकोनी भाग होय. त्यातही खरे काम करणारी सिलिकॉनची चकती नखाएवढीच असते. बेरीज-वजाबाकीपासून चित्रपट दाखवण्यापर्यंतच्या सर्व आज्ञा येथे पार पाडल्या जातात. कॅबिनेटमधील उष्णतेचा मोठा वाटाही येथूनच येतो.

उष्णता येते कोठून?

प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर नावाची कोट्यवधी सूक्ष्म बटणे असतात. ती सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी थोडी वीज खर्च होते. पंख्याला दिलेल्या विजेचे रूपांतर गतीत होते, दिव्याला दिलेल्या विजेतून प्रकाश मिळतो. प्रोसेसरला दिलेल्या जवळजवळ सर्व विजेचे रूपांतर मात्र अखेर उष्णतेतच होते. ६५ वॅट वीज घेणारा प्रोसेसर म्हणजे ६५ वॅटची एक छोटी शेगडीच होय.

या शेगडीचा इतिहासही लक्षणीय आहे. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो थंड ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत बहुतेक घरगुती संगणकांच्या प्रोसेसरवर पंखा नसे. पुढे वेगाची स्पर्धा सुरू झाली आणि २००४ मध्ये पेन्टियम ४ या मालिकेतील काही प्रोसेसरांनी ११५ वॅटपर्यंत मजल मारली. त्याच वर्षी इंटेलने चार गिगाहर्ट्झ वेगाचा पेन्टियम ४ बाजारात आणण्याचा बेत सोडून दिला. नुसता वेग वाढवत नेण्याच्या मार्गात उष्णता हा मोठा अडसर ठरला होता. २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओने एकाच्या जागी दोन गाभे वापरून वीजवापर ६५ वॅटपर्यंत खाली आणला. तथापि, पुढे स्पर्धेने पुन्हा उचल खाल्ली. २०२२ मधील कोअर आय ९-१३९००के हा प्रोसेसर पूर्ण ताणाखाली २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. कार्यालयीन कामाचे प्रोसेसर यापेक्षा बरेच सौम्य असतात.

उष्णतेच्या प्रमाणापेक्षाही ती किती लहान जागेत एकवटते, हे अधिक महत्त्वाचे आहे. कोअर २ ड्युओच्या सिलिकॉन चकतीचे क्षेत्रफळ सुमारे १४३ चौरस मिलिमीटर होते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४५ वॅट उष्णता. घरातील १,००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर तेथे हेच प्रमाण दर चौरस सेंटिमीटरला अवघे ५ वॅट पडते. इस्त्रीच्या नऊपट दाटीची ही उष्णता सतत वाहून नेली नाही, तर काय होईल हे वेगळे सांगावयास नको.

मंदावणे ही तक्रार नव्हे, बचाव आहे

सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संगणक-परीक्षणाच्या प्रकाशनाने एक चाचणी केली. चालू संगणकातील प्रोसेसरवरून उष्णता वाहून नेणारे उपकरणच काढून टाकण्यात आले. एएमडी कंपनीचा अ‍ॅथलॉन काही सेकंदांत जळून गेला. पेन्टियम ३ थबकला, पण वाचला. पेन्टियम ४ ने स्वतःचा वेग कमी केला आणि काम चालूच ठेवले. उपकरण परत बसवताच तो पूर्ववत धावू लागला.

आज डेस्कटॉपचे सर्वच प्रमुख प्रोसेसर पेन्टियम ४ प्रमाणे वागतात. त्यांच्या आत तापमान मोजण्याची सोय असते. बहुतेकांची कमाल मर्यादा ९० ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठरवलेली असते. ती गाठली की प्रोसेसर आपला वेग आणि विजेचा दाब कमी करतो, जेणेकरून उष्णता कमी निर्माण व्हावी. तरीही तापमान चढतच राहिले, तर शेवटचा उपाय म्हणून संगणक तत्काळ बंद होतो.

यामुळे आजचे प्रोसेसर सहसा जळत नाहीत, ही समाधानाची बाब आहे. मात्र याच कारणाने रोग झाकला जातो. संगणक मंदावतो, वापरकर्ता त्याच्या वयाला किंवा इंटरनेटला दोष देतो आणि आत महिनोन् महिने प्रोसेसर मर्यादेच्या काठावर राबत राहतो. त्याची झळ शेजाऱ्यांनाही पोहोचते. मदरबोर्डवरील विद्युत् धारित्रे, ज्यांना तंत्रज्ञ ‘कपॅसिटर’ म्हणतात, त्यांतील द्रवयुक्त प्रकारांचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारणतः निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे.

अचानक बंद पडण्याचे नुकसान आणखी वेगळे. लिहीत असलेली फाईल बिघडू शकते, हिशेबाच्या नोंदी अर्धवट राहतात. नेटबँकिंगद्वारे पैसे पाठवत असताना संगणक बंद पडला, तर ग्राहकाने घाईने पुन्हा पैसे पाठवू नयेत. आधी खात्याचे विवरण पाहावे, पहिला व्यवहार झाला की नाही याची खात्री करावी आणि मगच पुढील पाऊल टाकावे. अन्यथा एकच रक्कम दोनदा जाण्याचा संभव असतो.

उष्णतेचा प्रवास

शेतातील पाटात एके ठिकाणी गाळ साचला की पाणी मागे तुंबते. पाट उरलेल्या लांबीत कितीही स्वच्छ असला, तरी त्याचा उपयोग होत नाही. प्रोसेसरमधील उष्णतेचेही असेच आहे. सिलिकॉनमध्ये निर्माण झालेली उष्णता प्रथम प्रोसेसरच्या धातूच्या झाकणात येते. तेथून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून ती हीटसिंकमध्ये शिरते. हीटसिंक म्हणजे अनेक पातळ पाती असलेला अ‍ॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा ठोकळा. त्यावरील पंखा पात्यांमधून हवा खेळवतो आणि उष्णता हवेत मिसळते. ही तापलेली हवा कॅबिनेटच्या मागील बाजूने खोलीत जाते आणि समोरून थंड हवा आत येते.

या वाटेतील पेस्टचे कार्य अनेकांना अनाकलनीय वाटते. झाकण आणि हीटसिंक यांचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांवर सूक्ष्म उंचवटे आणि खळगे असतात. दोन्ही एकमेकांवर टेकवले तरी मधल्या खळग्यांत हवा अडकते. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णतेची हजारो पटींनी वाईट वाहक आहे. पेस्ट तांब्याइतकी चांगली वाहक नसली, तरी हवेपेक्षा कितीतरी सरस असते आणि ते खळगे भरून काढते. म्हणूनच तिचा थर पातळ असावा लागतो. अधिक पेस्ट म्हणजे अधिक थंडावा, हा समज चुकीचा आहे.

खोली तापली की प्रोसेसरही तापतो

हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते केवळ त्या दोहोंमधील अंतर कमी ठेवतात. समजा, विशिष्ट कामाच्या वेळी प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापतो. डिसेंबरात खोलीत २५ अंश तापमान असताना तो ७० अंशांवर राहील. मे महिन्यात खोलीतच ४२ अंश असतील, तर तेच काम करताना तो ८७ अंशांवर जाईल. त्यातच धुळीमुळे हे अंतर ४५ वरून ६० अंश झाले, तर मर्यादा ओलांडली गेलीच म्हणून समजावे.

राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते. विदर्भातील नागपूर-चंद्रपूरच्या रहिवाशांना पंचेचाळीशी नवी नाही. थंड हवेच्या देशांत निष्काळजीपणा खपून जातो. आपल्या उन्हाळ्यात तो खपत नाही, याचे कारण हे साधे गणित आहे. कोकण आणि गोव्यासारख्या किनारी भागांत उष्म्याचा कडाका कमी असला, तरी दमट हवेत धूळ ओलसर होऊन पात्यांना चिकटून बसते. म्हणून तेथेही स्वच्छतेची गरज तितकीच आहे.

जागा निवडताना

संगणकाच्या टेबलाला कॅबिनेटसाठी केलेला बंद कप्पा दिसावयास नीटनेटका असतो, पण आतील गरम हवा त्याच कप्प्यात फिरत राहते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. अशा कप्प्याचे मागील फळकूट काढून टाकावे आणि पुढील दार काम चालू असताना उघडे ठेवावे. कॅबिनेटच्या मागे भिंतीपासून निदान वीतभर जागा मोकळी असावी. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी.

कॅबिनेट जमिनीवर ठेवल्यास केर काढताना उडणारी धूळ थेट आत जाते. पाच-सहा इंच उंचीच्या चौरंगावर ठेवले तरी बराच फरक पडतो. संगणक चालू असताना त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन, कपडा अथवा फाईलींचा गठ्ठा ठेवू नये. उन्हाळ्यात पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण झोताबरोबर येणारी आर्द्रता आणि तुषार आतील भागांना अपायकारक ठरतात. कूलर लावल्यास खोलीची एक खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा कोंडणार नाही.

कॅबिनेटची बाजूची पत्रा-झडप कायमची उघडी ठेवणे हाही काहींचा आवडता उपाय. निकडीच्या दिवशी तो चालून जातो. कायमचा उपाय म्हणून मात्र तो योग्य नाही. पुढून मागे वाहणारा हवेचा प्रवाह त्यामुळे विस्कळीत होतो, धूळ वाढते आणि लहान मुलांचा हात आत जाण्याचा धोका राहतो.

धूळ : खरा अडथळा

बहुसंख्य तापलेल्या संगणकांत दोष आढळतो तो धुळीचा. हीटसिंकवरील पंखा आणि धातूची पाती यांच्या मधोमध धुळीचा नमद्यासारखा थर जमतो. पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचतच नाही. स्वयंपाकघराजवळच्या संगणकात तेलकट वाफेमुळे हा थर अधिकच चिवट बनतो.

आपल्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रांची, यंत्रांची, वह्यांची पूजा केली जाते आणि आता संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाते. ज्या यंत्रावर चरितार्थ चालतो त्याची साफसफाई करणे हे त्या पूजेचेच अंग मानावे. पावसाळा सरल्यावर दसऱ्याला एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर होळीच्या सुमारास एकदा, अशी वर्षातून दोन वेळा सफाई घरगुती संगणकास पुरेशी ठरते. रस्त्यालगतच्या दुकानात किंवा गिरणी-कारखान्याच्या परिसरात ती दर तीन महिन्यांनी करावी.

सफाईपूर्वी संगणक रीतसर बंद करावा, भिंतीवरील बटण बंद करून वायर काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेट गच्चीत अथवा गॅलरीत न्यावे. आतील भागांना स्पर्श करण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, जेणेकरून अंगावरील स्थिर वीज उतरून जाईल. मऊ कुंचल्याने धूळ सैल करून हाताच्या ब्लोअरने ती उडवावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळा सोडल्यास तो अतिवेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. ओले फडके वापरू नये. व्हॅक्यूम क्लीनरची नळी आतील भागांना लावू नये, कारण तिच्यामुळे स्थिर वीज निर्माण होते. वीजपुरवठा करणारी बंद पेटी, म्हणजे एसएमपीएस, बाहेरूनच साफ करावी. वायर काढल्यावरही तिच्या आत धोकादायक वीज साठून राहते, म्हणून ती कदापि उघडू नये.

पेस्ट आणि पंखा

सफाईनंतरही तापमान उतरले नाही, तर पेस्ट वाळल्याची शंका घ्यावी. काही वर्षांत ती कोरडी पडून तिला तडे जातात. पेस्ट बदलण्याचे काम सराव नसल्यास तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. ते नीट होत आहे की नाही, हे मात्र ग्राहकाला कळले पाहिजे. हीटसिंक थेट वर ओढू नये. पेस्ट कोमट असताना तो किंचित फिरवून सुटा करावा. तसे न केल्यास काही प्रकारचे प्रोसेसर खोबणीतून उपटून येतात आणि त्यांच्या पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्णपणे पुसावी आणि मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवून हीटसिंक सर्व बाजूंनी सारखा दाबून बसवावा. एक कोपरा जरी उचललेला राहिला, तरी सर्व श्रम वाया जातात.

पंख्यातून खरखर येऊ लागली किंवा तो रडतखडत सुरू होऊ लागला, तर त्यात तेल घालून दिवस ढकलण्यापेक्षा तो बदलणे श्रेयस्कर. साध्या पंख्याची किंमत प्रोसेसरच्या तुलनेत नगण्य असते.

काम नसताना पंखा का घरघरतो?

पंखा जोरात फिरण्याचे कारण दर वेळी धूळच असते असे नाही. कोणतेही काम चालू नसताना पंखा सतत गर्जत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा. प्रोसेसरचा वापर तेथे टक्केवारीत दिसतो. शांत बसलेल्या संगणकात तो अल्प असावयास हवा. तो सतत फार चढा असेल आणि त्यामागे अनोळखी प्रोग्राम दिसत असेल, तर सावध व्हावे. विंडोजची अद्ययावतीकरणे किंवा व्हायरसविरोधी तपासणी यांमुळेही काही काळ वापर वाढतो, पण तो नंतर उतरतो.

दुसऱ्याच्या संगणकाची शक्ती चोरून आभासी चलन मिळवणारे प्रोग्राम गेल्या काही वर्षांत पसरले आहेत. २०१७ ते २०१९ या काळात चाललेल्या कॉइनहाइव्ह या सेवेची सांकेतिक आज्ञावली अनेक संकेतस्थळांत मालकांच्या नकळत घुसवण्यात आली होती. संकेतस्थळ उघडले की वाचकाचा प्रोसेसर दुसऱ्यासाठी राबू लागे. वीज वाचकाची आणि कमाई दुसऱ्याची. असा एक अनाहूत प्रोग्राम आत शिरला असेल, तर पासवर्ड चोरणारा दुसराही शिरलेला असू शकतो. म्हणून असा संगणक तपासून स्वच्छ होईपर्यंत त्यावर नेटबँकिंग करू नये, पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून बदलावा आणि खात्यात अनोळखी व्यवहार आढळल्यास विनाविलंब बँकेस कळवावे.

शाखेतील संगणक

घरच्या संगणकाबाबतचे सर्व उपाय शाखेत कर्मचाऱ्यांनी स्वतः करावयाचे नाहीत. बँकेचा संगणक उघडणे किंवा त्यावर तापमान पाहण्यासाठी बाहेरचा प्रोग्राम बसवणे हे सुरक्षेच्या दृष्टीने अयोग्य आहे. ते काम देखभाल कराराखालील अभियंत्याचे. तथापि, काउंटरखालील कॅबिनेटभोवती व्हाउचरांचे गठ्ठे आणि पिशव्या कोंबल्या जाऊ नयेत, हे पाहणे प्रत्येकाच्या हाती आहे. वातानुकूलित शाखेतही बंद काउंटरच्या आत थंड हवा पोहोचत नाही, हे ध्यानात घ्यावे. दुपारी नियमितपणे मंदावणाऱ्या संगणकाची तक्रार वेळेसह नोंदवावी आणि अभियंत्याच्या भेटीत आतील सफाई झाली का, हे विचारून घ्यावे. मार्चअखेरीस धावपळ करण्यापेक्षा फेब्रुवारीत ही सफाई उरकणे केव्हाही चांगले.

घरगुती वापरकर्त्यास तापमान पाहावयाचे असेल, तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन हार्डवेअर मॉनिटर या सदरात ते पाहता येते. साध्या कामात ८० अंशांच्या खाली असलेला आकडा सहसा चिंतेचा नसतो. तो वारंवार नव्वदीला टेकत असेल, तर उष्णतेची वाट कोठेतरी तुंबली आहे असे समजावे आणि शोध बाहेरून आत घ्यावा. प्रथम जागा, मग धूळ, मग पंखा, मग पेस्ट. या क्रमाने गेल्यास बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोन पायऱ्यांतच सापडते. आणि या दोन पायऱ्यांना एक मऊ कुंचला आणि वीतभर मोकळी जागा यांपलीकडे फारसा खर्च नाही.

ध्यानात ठेवण्याजोगे

• कॅबिनेटच्या मागे वीतभर मोकळी जागा ठेवावी. बंद कप्पा आणि चालू संगणकावरील आच्छादन टाळावे.
• होळी आणि दसरा या सुमारास आतील धूळ काढावी. वायर काढल्याखेरीज कॅबिनेट उघडू नये.
• वॉरंटी अथवा देखभाल करार चालू असेल, तर आधी संबंधित अभियंत्याशी संपर्क साधावा.
• काम नसताना पंखा गर्जत असेल, तर घातक प्रोग्रामची तपासणी होईपर्यंत नेटबँकिंग टाळावे.
• व्यवहाराच्या मध्यात संगणक बंद पडल्यास खात्याचे विवरण पाहूनच पुन्हा पैसे पाठवावेत.
• महत्त्वाच्या फाईलींची प्रत नियमितपणे अन्यत्र जतन करावी.